कथेबाहेर ठेवलेले नर्तक

कलाकृतीतील कोणताही घटक उपरा वाटता कामा नये, हे विधान साहित्याच्या वर्गात आपण इतक्या वेळा करतो की तो माणसांनी ठरवलेला एक निकष आहे, याचा विसर पडावा. एखादा प्रसंग वगळून पाहावा. कथेचे काही बिघडत नसेल तर तो प्रसंग अनावश्यक, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो आणि तेही उत्तरपत्रिकेत इमानाने तसेच लिहितात. मर्ढेकरांच्या लयतत्त्वापासून सेंद्रिय एकात्मतेच्या चर्चेपर्यंत मराठी समीक्षेने या निकषाला मोठे स्थान दिले आहे आणि ते अकारण नाही. परंतु एखादा प्रसंग मुळातच वगळता यावा म्हणून रचला गेला असेल तर? आणि त्याचे कारण कलावंताच्या कातडीच्या रंगात असेल तर? अमेरिकी संगीतपटांच्या सुवर्णकाळातील टॅप नर्तक फेयार्ड आणि हॅरल्ड निकोलस या बंधूंची कारकीर्द हा प्रश्न अतिशय स्वच्छपणे आपल्यापुढे ठेवते. म्हणून नृत्याशी फारसा संबंध नसलेल्या साहित्याच्या अभ्यासकांनीही या दोघांकडे वळावे, असे आम्हांला वाटते.

प्रथम टॅपविषयी थोडेसे. बुटाच्या चवड्याला आणि टाचेला धातूच्या पट्ट्या लावून लाकडी जमिनीवर केले जाणारे हे नृत्य पाहण्याइतकेच ऐकण्याचे असते; नर्तक येथे स्वतःच तालवाद्य होतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या ताललयी आणि आयर्लंड-इंग्लंडमधून आलेल्या स्थलांतरितांची पदनृत्ये यांच्या संकरातून ते अमेरिकेत घडले. १७३९ साली दक्षिण कॅरोलायनात गुलामांचा उठाव झाला. दुसऱ्याच वर्षी तेथे जो कायदा आला, त्याने गुलामांना ढोल वाजवण्यास मनाई केली, कारण ढोल हे संदेशाचे साधन ठरू शकत होते. हातातले वाद्य गेले तेव्हा ताल पायांत उतरला, असे टॅपचे इतिहासकार सांगतात. या एका कायद्याने सारे टॅप जन्मास घातले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तथापि या नृत्याच्या मुळाशी एक हिरावून घेणे आहे, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

फेयार्डचा जन्म १९१४ चा, अलाबामातील मोबाइल शहरातला. हॅरल्ड १९२१ चा, उत्तर कॅरोलायनातील विन्स्टन-सेलमचा. वडील ड्रमवादक, आई पियानोवादक. दोघे मिळून फिलाडेल्फियाच्या स्टँडर्ड थिएटरात वाद्यवृंद चालवीत. फेयार्डचे बालपण या नाट्यगृहाच्या पुढच्या रांगेत गेले. त्या काळातले नामवंत कृष्णवर्णीय गायक, विनोदी नट आणि नर्तक त्याने तेथे बसून पाहिले आणि घरी येऊन त्यांची नक्कल केली. नृत्याचे रीतसर शिक्षण त्याला मिळाले नाही. जे पाहिले ते त्याने बहिणीला आणि धाकट्या भावाला शिकवले. पुढे बहीण बाजूला झाली आणि दोन भावांची जोडी उरली. १९३२ साली ही जोडी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील कॉटन क्लबात नाचू लागली तेव्हा फेयार्ड अठराच्या आसपास होता आणि हॅरल्ड अकरा वर्षांचा.

कॉटन क्लब ही त्या काळाची चोख प्रतिमा आहे. वस्ती काळ्यांची, रंगमंचावरचे कलावंत काळे आणि प्रेक्षक मात्र केवळ गोरे. ड्यूक एलिंग्टन, कॅब कॅलोवे यांच्यासारखे संगीतकार जेथे वाजवीत, तेथे त्यांचे आप्त गिऱ्हाईक म्हणून बसू शकत नसत. आपल्या कलेचा आस्वाद घेतला जातो, परंतु आस्वादकांच्या पंक्तीत आपल्याला जागा नाही, हा धडा या मुलांना फार लवकर मिळाला. हॉलिवुडने त्यांना १९३४ च्या 'किड मिलियन्स' मध्ये आणले. तेथे त्यांच्याच गीतप्रसंगात चित्रपटाचा गोरा नायक एडी कँटर तोंडाला काळे फासून नाचतो. खरा काळा नर्तक आणि रंगवलेला काळा नर्तक एकाच रंगमंचावर आहेत, आणि कथा रंगवलेल्याच्या मालकीची आहे.

रंगभूमीवर त्यांना याहून बरा अनुभव आला आणि तो आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९३७ च्या 'बेब्ज इन आर्म्स' या ब्रॉडवेवरील संगीतिकेत त्यांना नावे असलेल्या भूमिका होत्या. मुले मिळून एक कार्यक्रम बसवतात आणि त्यातल्या दोन कृष्णवर्णीय भावंडांना नाचू द्यावे की नाही यावरून संघर्ष उभा राहतो. म्हणजे त्यांचे वगळले जाणे हाच कथेचा एक विषय होता. नृत्यरचना जॉर्ज बॅलन्शीन यांची होती. दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, याच संगीतिकेवरून चित्रपट निघाला. कथानक पार बदलले, ही भावंडे गेली आणि मिकी रूनी व जुडी गारलँड तोंडाला काळे फासून नाचले. भूमिका पुसली गेली आणि रंग तेवढा शिल्लक राहिला.

१९४० च्या 'डाऊन अर्जेंटाइन वे' नंतर ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या कंपनीने त्यांच्याशी करार केला. पुढील तीन वर्षांत 'टिन पॅन अ‍ॅली', 'द ग्रेट अमेरिकन ब्रॉडकास्ट', 'सन व्हॅली सेरेनेड', 'ऑर्केस्ट्रा वाइव्ह्ज' आणि 'स्टॉर्मी वेदर' हे चित्रपट आले. यांतील बहुतेकांत त्यांचा वावर काही मिनिटांचा आहे. व्यवसायाच्या भाषेत याला 'स्पेशालिटी नंबर' म्हणत. त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. नर्तक अचानक अवतरतात. बहुधा त्यांना पात्राचे नाव नसते. नायक-नायिकेशी त्यांचे काही बोलणे होत नाही. नृत्य ऐन भरात असताना चौकटीत प्रमुख नट नसतात. नृत्य संपते आणि कथा जणू मध्ये काही घडलेच नाही अशी पुढे सरकते. दक्षिणेकडील एखाद्या शहराच्या सेन्सॉर मंडळाला वा चित्रपटगृहाच्या मालकाला काळे कलावंत नको असतील, तर फिल्मचा तेवढा तुकडा कापावा आणि दोन टोके जोडावीत. प्रेक्षकाला सांधा जाणवू नये. लीना हॉर्नची एमजीएमच्या चित्रपटांतील गाणीही अशीच सुटी चित्रित केली जात. ही भीती काल्पनिक नव्हती. मेम्फिसच्या सेन्सॉर मंडळाने १९४७ साली 'कर्ली' नावाच्या मुलांच्या चित्रपटाला मनाई केली, कारण त्यात गोरी आणि काळी मुले एका शाळेत एकत्र दाखवली होती.

आता या कापता येण्याजोग्या तुकड्यांत काय होते ते पाहावे. 'ऑर्केस्ट्रा वाइव्ह्ज' मध्ये हॅरल्ड भिंतीवर पावले टाकत चढतो, उलटी कोलांटी घेतो आणि दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पसरून जमिनीवर उतरतो. मग हातांचा आधार न घेता, केवळ मांड्यांच्या बळावर पुन्हा उभा राहतो. हे हातांशिवाय उठणे ही या बंधूंची ओळख होती. परंतु अशा वर्णनाने त्यांच्याविषयी गैरसमज होण्याचाच संभव अधिक. त्यांच्या नृत्यात कसरत असली तरी ती तालात बसवलेली आहे. झेप मात्रेवर सुटते आणि मात्रेवर उतरते. फेयार्डच्या हातांच्या हालचाली तर एखाद्या वाद्यवृंदाच्या संचालकाला शोभाव्यात इतक्या रेखीव आहेत. त्यांच्या शैलीला 'फ्लॅश' म्हणजे डोळे दिपवणारी चमक, असे नाव दिले गेले, ते त्यांना रुचत नसे. ते स्वतः तिला 'अभिजात टॅप' म्हणत. हा शब्दांचा वाद क्षुल्लक नाही. 'अभिजात' हे विशेषण कोणाच्या कलेला लावायचे आणि 'करमणूक' कोणाच्या, हे ठरवणाऱ्यांच्या पंक्तीत ते नव्हते. तरीही त्यांनी तो शब्द स्वतःसाठी मागितला.

'स्टॉर्मी वेदर' हा १९४३ चा चित्रपट त्यांच्या कारकिर्दीचे शिखर मानला जातो. यातील सारे प्रमुख कलावंत कृष्णवर्णीय आहेत: बिल रॉबिन्सन, लीना हॉर्न, फॅट्स वॉलर, कॅब कॅलोवे. त्यातील 'जंपिन जाइव्ह' या गीतात कॅलोवेच्या वाद्यवृंदाच्या साथीने हे दोघे नाचतात. वादकांमधल्या चौथऱ्यांवरून उड्या घेत, पियानोवर ताल धरत ते मोठ्या पांढऱ्या जिन्यावर पोहोचतात. तेथून उतरताना एक भाऊ पायरीवर पाय पसरून बसतो, दुसरा त्याच्या डोक्यावरून झेप घेऊन खालच्या पायरीवर तसाच उतरतो, मग पहिला दुसऱ्यावरून. असे करत ते तळाशी येतात. हा भाग तालमीशिवाय, पहिल्याच प्रयत्नात चित्रित झाला असे ते दोघे सांगत, आणि फ्रेड अस्टेअरने या प्रसंगाला चित्रपटातील सर्वोत्तम संगीतप्रसंग म्हटल्याचेही सांगितले जाते. या आख्यायिका बाजूला ठेवूनही प्रसंग पाहावा. एकाने दुसऱ्याला ओलांडायचे आणि लगेच स्वतः ओलांडले जायचे, या क्रमात स्पर्धा आणि बंधुभाव वेगळे काढता येत नाहीत. शब्दावाचून येथे एक नाते साकार झालेले आहे आणि नाते ही कथेचीच सामग्री होय. तथापि या सर्व-कृष्णवर्णीय चित्रपटातही त्यांना पात्र म्हणून जीवन नाही. ते शेवटाकडे येतात, नाचतात आणि संपतात. कथेबाहेर ठेवण्याची सवय किती मुरली होती हे यावरून कळावे.

आणि याच १९४३ साली ब्रॉडवेवर 'ओक्लाहोमा!' आले. गाणे, नृत्य आणि कथानक एकजीव असलेली संगीतिका म्हणून समीक्षकांनी तिचा गौरव केला आणि तेथून 'एकात्म संगीतिका' हा श्रेष्ठतेचा मानदंड झाला. याच मानदंडाने पुढे अस्टेअर आणि जीन केली यांच्या चित्रपटांचे मोठेपण सांगितले गेले: नृत्य येथे थांबत नाही, ते प्रेम व्यक्त करते, स्वभाव उलगडते, कथेला पुढे नेते. हे खरेच आहे. १९५२ च्या 'सिंगिंग इन द रेन' मध्ये पावसात नाचणारा केली हा प्रेमात पडलेला माणूस आहे, म्हणून त्या नृत्याला अर्थ आहे. परंतु नृत्यातून प्रेम व्यक्त करायला आधी कथेत प्रेम करण्याची मुभा हवी. ज्याला नाव नाही, घर नाही, प्रेयसी नाही, त्याच्या पावलांनी कोणाचा स्वभाव उलगडावा? इंग्रजीत या एकात्मतेसाठी 'इंटिग्रेशन' हा शब्द वापरतात आणि वर्णभेद मोडून माणसांना एकत्र आणण्यासाठीही तोच शब्द आहे. समीक्षेने एका अर्थाचा जयघोष केला तेव्हा दुसरा अर्थ त्याच पडद्यावर नाकारला जात होता. हे दोन अर्थ एकमेकांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत, असे आमचे म्हणणे आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की सुटे नृत्य ही विविधरंजनाच्या रंगमंचाची परंपराच होती. गोरे नर्तकही असे येऊन जात. हे मान्य. परंतु एलिनॉर पॉवेल १९३५ साली एका चित्रपटात अशाच सुट्या नृत्यातून आली आणि त्याच वर्षी 'ब्रॉडवे मेलडी ऑफ १९३६' मध्ये प्रमुख भूमिकेत होती. तिच्यासाठी सुटे नृत्य हा उंबरठा होता. निकोलस बंधूंसाठी ती चौकट होती. क्षमता नव्हती म्हणावे तर १९४६ च्या 'सेंट लुइस वुमन' या ब्रॉडवेवरील संगीतिकेत हॅरल्डने लिटल ऑगी ही प्रमुख भूमिका केली आणि फेयार्डही भूमिकेत होता. तिचे नाट्यलेखन अर्ना बॉन्टेम्प्स आणि काउंटी कलन या हार्लेमच्या प्रबोधनकाळातील दोन कवींनी केले होते. ज्यांच्या साहित्यात काळी माणसे कथेच्या मध्यभागी होती, त्यांनी लिहिले तेव्हा या नर्तकालाही मध्य मिळाला.

दुसरा आक्षेप अधिक मोहक आहे. कथेचे ओझे नसल्यामुळेच त्यांचे नृत्य शुद्ध झाले. संगीतासारखे स्वयंपूर्ण झाले. तेव्हा वगळणे हे एका परीने वरदान ठरले, असे कोणी म्हणेल. त्यांच्या नृत्याची स्वयंपूर्णता आम्हीही मान्य करतो. पण तीन मिनिटांत सर्व काही सांगून टाकण्याची ती निकड जिला आपण शैली म्हणतो, ती निवडलेली नव्हती. एकदाच मिळणाऱ्या जागेत एवढे भरावे लागले, कारण पुन्हा बोलावणे नव्हते. परिस्थितीवर केलेली मात गौरवावी. परिस्थितीचे आभार मानू नयेत.

१९४८ साली एमजीएमच्या 'द पायरेट' ने ही चौकट थोडी मोडून पाहिली. व्हिन्सेंट मिनेली दिग्दर्शक. जीन केली आणि जुडी गारलँड प्रमुख भूमिकांत. निकोलस बंधू येथे केलीच्या फिरत्या नाटकमंडळीचे सदस्य आहेत. फाशी जाण्यापूर्वी नायकाला शेवटचा खेळ करू दिला जातो आणि 'बी अ क्लाउन' या गाण्यावर तिघे एकत्र नाचतात. तेच कपडे, तीच पावले, तीच धूळ. तारांकित गोरा नट आणि दोन काळे नर्तक यांना एका चौकटीत समान पातळीवर दाखवणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती आणि केलीने त्यासाठी घेतलेली भूमिका त्याच्या लौकिकात भर घालणारी आहे. दक्षिणेतील काही शहरांत हा प्रसंग कापला गेला. आजवर तुकडा सुटा असे म्हणून कात्री लागत होती. आता केली स्वतः त्यात होता, प्रसंग कथेच्या ऐन पेचात होता, तरी कात्री लागली. आमच्या मते या कारकिर्दीतील सर्वांत बोलकी घटना हीच. यावरून इतके निश्चित होते की वगळण्याचा रचनेशी संबंध नव्हता. रचना केवळ निमित्त होती.

त्यानंतर हॉलिवुडचे दार जवळजवळ मिटले. बंधू युरोपात गेले. हॅरल्ड पुढे काही वर्षे पॅरिसमध्ये राहिला. संगीतपटांचे युगच ओसरत होते आणि टॅपही मागे पडत होते. फेयार्डला पडद्यावर गंभीर नाट्यमय भूमिका मिळाली ती १९७० मध्ये, विल्यम वायलरच्या 'द लिबरेशन ऑफ एल. बी. जोन्स' मध्ये, तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता. सन्मान उशिरा आले, पण आले. 'ब्लॅक अँड ब्लू' च्या नृत्यरचनेसाठी १९८९ साली फेयार्डला इतर तिघांसह टोनी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या 'टॅप' या चित्रपटात हॅरल्ड दिसला. १९९१ साली दोघांना केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला. हॅरल्ड २००० साली आणि फेयार्ड २००६ साली गेला. 'स्टॉर्मी वेदर' २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत दाखल झाला आणि २०११ मध्ये निकोलस कुटुंबाने घरगुती कॅमेऱ्यावर टिपलेल्या फिल्म्सही त्याच सूचीत गेल्या. ज्यांना मोठ्या पडद्याने घर दिले नाही, त्यांच्या घरातील चित्रणे आज राष्ट्राचा ठेवा म्हणून जपली जातात.

काळाने एक उलटा न्यायही केला आहे. ज्या चित्रपटांच्या कथा अखंड राहाव्यात म्हणून हे प्रसंग सुटे ठेवले, त्या कथा आज कोणाला आठवत नाहीत. 'डाऊन अर्जेंटाइन वे' चे कथानक सांगा म्हटले तर चित्रपटाचे जाणकारही अडखळतील. त्यातील या बंधूंचे नृत्य मात्र संगणकाच्या पडद्यावर जगभर पाहिले जाते. सुटेपण कात्रीसाठी होते, तेच टिकण्याला उपयोगी पडले. परंतु या न्यायावर फार संतुष्ट होऊ नये. तीन मिनिटांची ध्वनिचित्रफीत पाहून थक्क होणारा आजचा प्रेक्षकही त्यांना कथेबाहेरच भेटतो. 'काय उड्या मारतात!' असे म्हणून तो पुढच्या चित्रफितीकडे वळतो आणि त्या उड्यांच्या अलीकडे-पलीकडे कोण बोलत होते, कोणाला बोलू दिले नव्हते, हे त्याला दिसत नाही. कात्रीने जे केले तेच कौतुकानेही होऊ शकते.

म्हणून शिक्षकांना आमची एक सूचना आहे. कलाकृतीतील एकात्मतेचा धडा शिकवताना 'स्टॉर्मी वेदर' मधील जिन्याचे नृत्य जरूर दाखवावे, पण त्याबरोबर 'सन व्हॅली सेरेनेड' हा चित्रपट संपूर्ण दाखवावा. त्यात निकोलस बंधू आणि डोरोथी डँड्रिज येण्याआधीचा क्षण आणि ते गेल्यानंतरचा क्षण विद्यार्थ्यांनी नीट पाहावा. सांधा कोठे आहे ते त्यांनी शोधावे आणि मग आपल्या नेहमीच्या प्रश्नाला एक दुसरा प्रश्न जोडावा. हा प्रसंग वगळता येतो का, हे विचारून झाल्यावर तो वगळता यावा असे कोणाला वाटत होते, हेही विचारावे. एकात्मतेचा निकष टाकून देण्याचे कारण नाही. तो लावण्यापूर्वी कथेचे दार कोणासाठी उघडे होते एवढे पाहिले, तर तो निकष अधिक प्रामाणिक होईल. आणि ज्यांना आपण उपकथानक, आगंतुक, अलंकरण म्हणून समासात ठेवत आलो, अशा आपल्या पाठ्यपुस्तकांतील कितीतरी पात्रांकडेही मग पुन्हा एकदा पाहावे लागेल.